कुलूप बाजाराने लावलेलं नसतं

गेमचा एखादा स्टुडिओ त्याच्या प्रकाशकाने बंद केला, की दोन दिवस हळहळ होते आणि तिसऱ्या दिवशी शहाणपण सुरू होतं. 'गेम चालले नसणार, नाहीतर कोण कशाला कुलूप लावेल?' हे वाक्य मी बंगळुरूच्या हेब्बाळमध्ये दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलाच्या, टेबलाशी ऐकतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकतो, आणि ज्यांच्यावर उद्या हीच पाळी येऊ शकते त्यांच्याच तोंडूनही ऐकतो. मान्यता टेक पार्क इथून जवळ आहे. कोणाचा मुलगा थ्रीडी मॉडेलं बनवतो, कोणाची सून गेमच्या चाचण्या घेते. त्यामुळे हा विषय इथे परका नाही, आणि म्हणूनच हा पूर्वपक्ष नीट मांडून त्याला उत्तर द्यायला हवं. पूर्वपक्ष असा: पैसा प्रकाशकाचा, धोका त्याचा, बाजाराने गेम नाकारला की स्टुडिओ संपतो, हुशार माणसांना दुसरीकडे काम मिळतंच, मग यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

आधी बाजाराचं बघू. विशाल गोंडल यांनी 1999 साली मुंबईत इंडियागेम्स काढली. आपल्याकडे मोबाइलवर गेम खेळणं म्हणजे काय हे लोकांना ठाऊक नव्हतं, तेव्हापासून ही कंपनी छोट्या पडद्याच्या, बटणांच्या फोनसाठी गेम बनवत होती. 2007 मध्ये ती यूटीव्हीकडे गेली आणि 2012 मध्ये यूटीव्हीबरोबर डिस्नेकडे. 2016 मध्ये डिस्नेने जगभरच स्वतः गेम बनवून विकण्याच्या धंद्यातून अंग काढून घेतलं आणि भारतातला गेमचा कारभारही गुंडाळला. निर्णय कॅलिफोर्नियातला होता. तो घेताना मुंबईतल्या गेमचा दर्जा तराजूत होता असं मानायला काहीच आधार नाही.

त्याच वर्षी डिस्नेने अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा अॅव्हलांच सॉफ्टवेअर हा स्टुडिओ बंद केला. तिथल्या माणसांना, त्यांच्या कामाला भविष्य नाही, असंच जणू सांगितलं गेलं. जानेवारी 2017 मध्ये वॉर्नरने तो स्टुडिओ विकत घेतला, गेम बनवण्याच्या इंजिनासकट. प्रमुख जॉन ब्लॅकबर्न तेच राहिले. याच स्टुडिओने फेब्रुवारी 2023 मध्ये 'हॉगवर्ट्स लेगसी' आणला आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या 1 कोटी 20 लाखांवर प्रती खपल्या. मे 2016 मध्ये बाजाराने जर खरोखरच निकाल दिला असेल, तर सात वर्षांनी त्याच बाजाराने उलटा निकाल कसा दिला? निकाल बाजाराचा नव्हताच. एका कंपनीला एका धंद्यातून बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडताना दार लावून घेतलं, एवढंच घडलं होतं.

कोणी म्हणेल, हे एखादं उदाहरण. तर टोकियोचा टँगो गेमवर्क्स घ्या. त्यांचा 'हाय-फाय रश' जानेवारी 2023 मध्ये आला, वाखाणला गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने तो सगळ्या निकषांवर यशस्वी ठरल्याचं जाहीरपणे सांगितलं. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने तो चमू आणि 'हाय-फाय रश'चे हक्क घेतले. ही तीच क्राफ्टन, जिचा 'बीजीएमआय' आपल्याकडची पोरं गल्लोगल्ली खेळतात.

आता आमच्या गावातली गोष्ट. मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते ध्रुव इंटरॅक्टिव्हबद्दल.

राजेश राव यांनी 1997 साली बंगळुरूत ही कंपनी गेमच्या कामासाठी उभी केली. भारतातली पहिली गेम कंपनी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. थॉमस फ्रीडमन यांच्या 'द वर्ल्ड इज फ्लॅट'मध्येही राव आणि ध्रुव आहेत. बाहेरच्या मोठमोठ्या स्टुडिओंसाठी इथले कलाकार गाड्या, इमारती, माणसं, शस्त्रं घडवत. 'फोर्झा'सारख्या शर्यतीच्या गेममधल्या गाड्या जगभर कौतुकाने पाहिल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी इथल्या हातांनी घडल्या. वीस वर्षं ही कंपनी कोणा एकाच्या मेहेरबानीवर नव्हती. गिऱ्हाइकं अनेक होती, एखादं गेलं तरी दुसरं असे. पुढे स्वीडनच्या स्टारब्रीझ या गेम कंपनीने तिचा 90 टक्क्यांहून अधिक हिस्सा सुमारे 85 लाख डॉलरना घेतला. नोव्हेंबर 2018 मध्ये स्टारब्रीझचा 'ओव्हरकिल्स द वॉकिंग डेड' आपटला, डिसेंबरमध्ये कंपनीने धनकोंपासून संरक्षणासाठी न्यायालयात धाव घेतली, आणि मे 2019 मध्ये ध्रुव 79 लाख डॉलरना रॉकस्टार या गेम प्रकाशकाला विकली गेली. रॉकस्टारने ती आपल्या बंगळुरूच्या स्टुडिओत मिसळून टाकली.

हा क्रम पुन्हा एकदा वाचावा. चूक स्टॉकहोममध्ये झाली. गेम तिथला पडला, कर्ज तिथलं थकलं. विकायला मात्र बंगळुरूचं घर काढलं गेलं, कारण ते विकण्याजोगं होतं, म्हणजे धड चालणारं होतं. ध्रुवमधल्या माणसांचं काम सुटलं नाही, हे मान्य करायलाच हवं. रॉकस्टारने त्यांना सामावून घेतलं आणि हा शेवट कुलपापेक्षा कितीतरी बरा. पण बावीस वर्षांची एक स्वतंत्र संस्था, जिच्याकडे नवशिकी पोरं शिकायला जात आणि जगातल्या कुठल्याही स्टुडिओचं काम येऊ शकत असे, ती एका प्रकाशकाच्या आतली खोली झाली. बंगळुरूत त्यावर फारशी चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती.

दुसरा आक्षेप जास्त गोड बोलतो: माणसं हुशार आहेत, त्यांना काम मिळेल. असं म्हणणाऱ्याने गेमचं काम जवळून पाहिलेलं नसतं. शर्यतीच्या गेममधली एक गाडी घ्या. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून मोजमापं आणि शेकडो फोटो येतात. त्यावरून एक कलाकार सांगाडा उभा करतो, दुसरा त्यावर रंग, चकाकी, काचेवरची धूळ चढवतो. मग तीच गाडी पुन्हा पुन्हा बनवावी लागते: खेळणाऱ्याच्या नाकासमोर असताना हेडलाइटच्या आतल्या आरशासकट, थोडी लांब असताना कमी बारकाव्यांची, आणि क्षितिजावर ठिपका असताना जेमतेम खोक्यासारखी. एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जाताना डोळ्याला खटका जाणवता कामा नये. तो जाणवू नये म्हणून कुठली कड ठेवायची आणि कुठली सोडायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला माहीत असतं, आणि त्याला ते आधीच्या तीन गाड्यांवर वरिष्ठाच्या शिव्या खाऊन कळलेलं असतं. फाइलींना नावं द्यायची पद्धत, चमूतल्याच कोणीतरी रात्री बसून लिहिलेली छोटी साधनं, कोणाला काय विचारायचं याची सवय, हे सगळं त्या खोलीत असतं. माणसं पाच कंपन्यांत पांगली की यातलं काहीही पाच जागी वाटलं जात नाही. जात्याच्या दोन तळ्या दोन घरांत गेल्या तर दळण कुठल्याच घरात होत नाही.

शिवाय काम मिळवण्यासाठी आपलं जुनं काम दाखवावं लागतं, आणि नेमकं तेच दाखवता येत नाही. जाहीर न झालेल्या किंवा अर्ध्यात रद्द झालेल्या गेमवर केलेलं सगळं काम गोपनीयतेच्या कराराखाली कुलूपबंद राहतं. तीन वर्षं एका गेमवर घालवलेली मुलगी मुलाखतीला जाते तेव्हा तिच्याकडे त्या तीन वर्षांचं एकही चित्र नसतं. माझ्या ओळखीतल्या एकीला तर कंपनी बंद करताना राजीनामा लिहून द्यायला सांगितलं होतं, म्हणजे कागदोपत्री कोणालाच काढलेलं नाही. अशा माणसाला 'तू हुशार आहेस, मिळेल काहीतरी' म्हणून पाठ थोपटणं मला निर्दय वाटतं.

आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पॅरिसच्या टेक्निकलर या दृश्य-परिणाम आणि अॅनिमेशन करणाऱ्या समूहाचा डोलारा कोसळला, तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतले सुमारे तीन हजार लोक एकाच आठवड्यात रस्त्यावर आले. एवढ्या लोकांना एका दमात पोटात घेईल असा उद्योग आपल्याकडे होता कुठे?

एक कुजबुज असते ती वेगळी. ती म्हणते, आपल्या लोकांना मोठा गेम जमतच नाही, प्रकाशक तरी काय करणार? पुराव्यादाखल पुण्याचं नाव घेतलं जातं. सप्टेंबर 2020 मध्ये यूबीसॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती जाहीर केली. ती यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होती. झलक पाहून जगभरच्या खेळाडूंनी टर उडवली. त्या झलकेत उणिवा होत्या, चेहऱ्यांत जीव नव्हता, हे मीही म्हणेन. मे 2022 मध्ये काम काढून मॉन्ट्रिअलकडे दिलं गेलं, 2003 चा मूळ गेम ज्यांनी बनवला त्यांच्याकडे. त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला आणि जानेवारी 2026 मध्ये यूबीसॉफ्टने तो गेमच रद्द केला. मूळ कर्त्यांच्या हातूनही तो किनाऱ्याला लागला नाही. तेव्हा ज्यांनी 2022 मध्ये 'पुण्याला झेपलं नाही' म्हणून निकाल दिला होता, त्यांनी आता तो मागे घ्यावा. वेळापत्रक, पैसा आणि गेमचा आवाका ठरवणारे पुण्यात बसलेले नव्हते.

राहिला पैशाचा मुद्दा. प्रकाशक पैसा घालतो, मोठी जोखीम उचलतो आणि बऱ्याचदा हात पोळून घेतो, हे खरं आहे. तोट्यातला स्टुडिओ त्याने जन्मभर पोसावा असं कोणी म्हणत नाही. पण स्टुडिओ विकत घेतल्यावर तो पहिलं काम काय करतो? बाहेरची गिऱ्हाइकं बंद करतो. आता तू फक्त माझं काम कर. स्वतःची मिळकत, स्वतःच्या ओळखी, सौदा करायची सवय, सगळं हळूहळू आटतं. मग एक दिवस तोच म्हणतो की हा स्टुडिओ स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही. पाय कोणी काढून घेतले? जो दुसऱ्याला आपल्यावर अवलंबून ठेवतो, त्याच्यावर त्याला सोडतानाची जबाबदारी येतेच. घरकामाच्या बाईला दहा वर्षांनी कामावरून काढतानाही सभ्य माणूस हा विचार करतो.

हेब्बाळच्या शिलालेखाची आठवण इथे होते, आणि ती अवांतर नाही. 2018 साली इथल्या खोदकामात एक वीरगळ वर आला. आठव्या शतकातला, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा. राष्ट्रकूटांच्या स्वारीत लढताना पडलेल्या कित्तय्याचं नाव त्यावर आहे. कित्तय्या कोणी राजा नव्हता. तरी गावाने दगड घडवून त्याचं नाव कोरलं, आणि साडेबाराशे वर्षांनी ते आपण वाचतो. याच हेब्बाळात राहणाऱ्या कलाकारांची नावं त्यांनी घडवलेल्या गेमच्या श्रेयनामावलीत शोधावी लागतात. पुष्कळदा 'बाह्य साहाय्य' म्हणून नुसतं कंपनीचं नाव येतं, आणि गेम बाजारात यायच्या आधी जो गेला किंवा ज्याला काढलं, त्याचं नाव गाळलं जाण्याची रीत या धंद्यात सर्रास आहे. नाव द्यायला एक ओळ लागते. ती न देण्याला कसलंही आर्थिक कारण नाही.

मग व्हावं काय? कायदा अगदीच कोरा नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पन्नास किंवा अधिक कामगारांची आस्थापना बंद करायची तर साठ दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागते, आणि कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई आहे. अडतं ते 'कामगार' कोण यावर. मॉडेल घडवणाऱ्याच्या पदापुढे 'लीड' लावलं की तो व्यवस्थापक असल्याचा दावा करता येतो. कर्नाटकात तर आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या अटी लेखी ठरवून देणाऱ्या, कायद्यातून वर्षानुवर्षं सूट मिळत आली आहे आणि केआयटीयू ही कर्मचारी संघटना त्याविरुद्ध लढते आहे. तिची बाजू मला रास्त वाटते. गेम बनवणाऱ्यांनी तिच्यापासून फटकून राहण्याचं कारण नाही.

पण कायद्याची वाट पाहण्याआधी हाताशी असलेली गोष्ट म्हणजे सरकारचा पैसा. कर्नाटकाने अॅनिमेशन आणि गेमिंगसाठीचं धोरण 2012 सालीच आणलं. सध्याचं 2024 ते 2029 साठी आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर 2025 मध्ये 3,268 कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. या पैशातून सवलत घेणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाशी करार होईलच. त्यात लिहा की स्टुडिओ बंद करायचा झाला तर आधी तो विक्रीला काढावा लागेल आणि विकत घेण्याचा पहिला हक्क तिथल्या चमूचा असेल, नाव आणि साधनांसकट. अॅव्हलांच आणि टँगो विकता आले, म्हणजे हे अशक्य नाही. लिहा की रद्द झालेल्या गेमवरचं आपलं काम कलाकाराला ठरावीक मुदतीनंतर दाखवता येईल. लिहा की गेमवर हात फिरवलेल्या प्रत्येकाचं नाव नामावलीत येईल, तो कधीही गेलेला असो. राजीनामा लिहून घेऊन माणसं कमी केल्याचं आढळलं तर दिलेली सवलत व्याजासह परत घ्या. ज्या प्रकाशकाला या अटी जाचक वाटतील त्याने खुशाल स्वतःच्या पैशाने स्टुडिओ काढावा. जनतेच्या पैशातला एक रुपयाही त्याला देऊ नये.