शकुंतलेचा वारसा कुणाचा?

विदर्भातल्या शकुंतला रेल्वेचे नाव निघाले की एकच सूर लागतो: ऐतिहासिक ठेवा जपा, वाफेचे इंजिन पुन्हा चालवा, पर्यटक येतील. ठेवा जपायलाच हवा. पण तो कुणासाठी, हे आधी ठरले पाहिजे.

अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही सुमारे १९० किलोमीटरची, अडीच फुटी रुळांची लाईन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकली, ती वऱ्हाडी जनतेच्या सोयीसाठी नव्हे. इथला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनवर आणायचा, तिथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचवायचा, हा तिचा हेतू. १९२१ साली बनलेले तिचे इंजिनही मँचेस्टरचेच. सात दशके ते राबले. १९९४ मध्ये डिझेल आले.

कापूस साहेबाचा झाला, पण गाडी हळूहळू गरिबाची झाली. दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या पट्ट्यातल्या शेतमजुराला एस.टी.पेक्षा स्वस्त असे हेच एक वाहन होते. या लाईनचा खरा वारसा तो.

तोच मोडला गेला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, ही लाईन मात्र कंपनीच्या मालकीची राहिली. मालक एक, चालवणारा दुसरा. मग रुळांवर पैसा कुणी घालायचा? रूळ खचले, वेग घटला, गाड्या बंद पडल्या. २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ब्रॉडगेजसाठी सुमारे १५०० कोटींची घोषणा केली. घोषणेवर गाडी धावत नाही.

दार्जिलिंगचे उदाहरण दिले जाते. १८८१ ची ती रेल्वे १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे वाफेचे इंजिन पर्यटकांना घूमपर्यंत फिरवून आणते; रोजच्या कामाला जाणारा स्थानिक माणूस मात्र जीपमध्ये दाटीवाटीने बसतो. आपल्याला असा वारसा हवा आहे काय?

ब्रॉडगेज झाले म्हणजे सगळे साधले, असेही नाही. छोटी स्टेशने वगळून एक्स्प्रेस धावली तर मजुराच्या पदरी धूळच. कोरोनाकाळात पॅसेंजरचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० वर गेले आणि खाली यायला २०२४ उजाडले, हे विसरता येत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. आधी प्रत्येक गावी थांबणारी, स्वस्त, रोजची पॅसेंजर. मग रविवारी वाफेचे इंजिन खुशाल फिरवा. धूर पाहायला येणाऱ्यांचे स्वागत आहे. पण डब्यातली पहिली जागा राबणाऱ्याची.