मुक्या चाकरांची निवृत्ती

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भातील खेड्यांत एक लहानसा, पण अर्थपूर्ण विधी होत असतो. शेतकरी आपल्या बैलांना नदीवर अथवा तळ्यावर नेऊन धुतो आणि सायंकाळी लोणी व हळद लावून त्यांचा खांदा शेकतो. ह्यास खांदशेकणी असे म्हणतात. बैलाची शिंगे सुंदर असतात, डोळे टपोरे असतात, वशिंड डौलदार असते. परंतु त्या सायंकाळी मान मिळतो तो खांद्याला. कारण वर्षभर जू वाहिले ते खांद्याने. नांगर, वखर आणि बंडी ह्यांचा भार जेथे पडला, घट्टे जेथे उठले, तेथेच धन्याचा हात फिरतो. पुरणपोळीचा घास दुसऱ्या दिवशी मिळतो. दुखऱ्या जागेची विचारपूस आधी होते.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे, असाच एक परिपाठ जानेवारी महिन्यात पाळला जातो. मात्र तेथे औषधोपचार होतो तो बैलाच्या खांद्यावर नव्हे, हत्तीच्या पावलांवर. कमलापूर येथे वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. दरवर्षी थंडीच्या दिवसांत तेथील हत्तींना सुमारे दहा दिवसांची वैद्यकीय रजा मिळते. ह्या काळात त्यांना कोणतेही काम सांगत नाहीत. जंगलातील औषधी वनस्पती आणून, त्या कुटून, तेलातुपात कढवून एक गरम लेप सिद्ध करतात आणि महावत व चाराकटर तो हत्तींच्या पायांस चोपून चोपून लावतात. कॅम्पवरची माणसे ह्या उपचारास ‘चोपिंग’ म्हणतात. थंडीत हत्तीचे तळवे भेगाळतात, त्यांत खडे व काटे रुततात आणि जखम चिघळली तर एवढा मोठा प्राणी जागचा हलेनासा होतो. माणसाच्या ताब्यातील हत्तींना पायांचे विकार फार जडतात. म्हणून ही सेवा केवळ लाडाची नसून गरजेची आहे.

कमलापूरचे हत्ती तेथे आले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. आलापल्ली आणि सिरोंचा ह्या भागांतील सागवान दूरवर प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये ह्याच जिल्ह्यांच्या अरण्यातील सागवानी लाकूड बल्लारपूरहून पाठवण्यात आले. परंतु सागाचा तोडलेला ओंडका जंगलातून रस्त्यापर्यंत यावा कसा? जेथे गाडीवाट नव्हती, नाले आडवे येत होते आणि चढउतार बैलांच्या आवाक्याबाहेरचे होते, तेथे हे काम हत्तींनी केले. सोंडेने ओंडका उचलावा, साखळीने ओढीत न्यावा, एकावर एक रचून ठेवावा, असे हे कष्टाचे जीवन होते. पुढे रस्ते झाले, मालमोटारी आल्या, यंत्रे आली आणि हत्तींचे काम हळूहळू संपत गेले. काम संपले, पण हत्ती संपले नाहीत. त्यांची पिले तेथेच जन्मली आणि तेथेच वाढली. अजित, मंगला, बसंती अशी त्यांची नावे त्या भागातील मुलांना तोंडपाठ असतात.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ज्या प्राण्याकडून माणसाने काम करून घेतले, त्याचे काम संपल्यावर त्याचे काय करावे?

हा प्रश्न एकट्या गडचिरोलीचा नाही. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. हा कुत्रा ताशी साठ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो. परंतु चारपाच वर्षांचा होताच त्याचे धावणे संपते आणि आयुष्य तर बारा वर्षांचे किंवा त्याहूनही अधिक असते. उरलेली वर्षे त्याने कोठे काढावी? शर्यतीच्या मालकांना तो नकोसा होतो. तेव्हा काही दयाळू माणसांनी संस्था स्थापून अशा कुत्र्यांना घरे मिळवून देण्याचे काम आरंभिले. ह्या कुत्र्यांची स्थिती मोठी विलक्षण असते. जन्मभर कोंडवाड्यात आणि धावपट्टीवर वाढल्यामुळे जिना कसा चढावा, काचेचे दार म्हणजे काय, हेदेखील त्यांना ठाऊक नसते. घरात राहणे त्यांना नव्याने शिकवावे लागते. न्यूझीलंडच्या शासनाने तर डिसेंबर २०२४ मध्ये ह्या शर्यती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

आपल्याकडे मुंबईचे महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीचे मैदान १८८३ पासूनचे आहे. शर्यतीचा घोडा दुसऱ्या वर्षीच धावू लागतो आणि थोड्याच वर्षांत मागे पडतो. पण नीट सांभाळल्यास तो पंचवीस वर्षे सहज जगतो. कोणी घोडा शर्यतीतून निघून अश्वारोहणाच्या शाळेत जातो, तर कोणाच्या वाट्याला टांगा आणि वरात येते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचेही तसेच झाले. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ह्या गाड्या बेकायदेशीर ठरवल्या. त्यामुळे गाडीवानांच्या पोटाचा प्रश्न जसा निर्माण झाला, तसाच घोड्यांच्या निवाऱ्याचाही झाला. वेग असेतोवर टाळ्या आणि वेग सरताच उपेक्षा, हा न्याय माणसाला शोभत नाही.

कोणी म्हणेल, “जनावराने काम केले, त्याबद्दल त्यास चारा मिळाला. हिशेब तेथेच मिटला.” हे म्हणणे वरवर रास्त दिसते, परंतु विचारांती ते टिकत नाही. माणसाच्या सेवेचा हिशेब आपण असा मिटवत नाही. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रसिद्ध निकालात सांगितले, की निवृत्तिवेतन ही मालकाने मर्जीने दिलेली देणगी नव्हे. पूर्वी केलेल्या सेवेमुळे प्राप्त झालेला तो हक्क आहे. हत्तीला न्यायालयात जाता येत नाही आणि अर्जही लिहिता येत नाही. परंतु बोलता येत नाही एवढ्यावरून देणेकऱ्याचे देणे बुडत नसते. भारताच्या संविधानात नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे. १९७६ मध्ये ही कर्तव्ये संविधानात समाविष्ट झाली. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती छापलेली असतात. पण पान उलटल्यावरही ती लक्षात राहिली पाहिजेत.

दुसरा आक्षेप ह्याहून गंभीर आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. पावसाळ्यात गडचिरोलीतील कित्येक गावांचा संपर्क तुटतो. रुग्णाला खाटेवर घालून, नाले ओलांडून दवाखाना गाठावा लागतो. जेथे माणसालाच वैद्य वेळेवर भेटत नाही, तेथे हत्तीसाठी वैद्य मागणे ही चैन नव्हे काय? ह्या प्रश्नामागील वेदना खरी आहे. माणसाच्या तोंडचा घास काढून जनावराला घालावा, असे कोणीही सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. परंतु हे दोन घास एकमेकांचे वैरी नाहीत. जो पूल रुग्णाला पलीकडे नेतो, त्याच पुलावरून पशुवैद्यही येतो. आणि हत्तीसाठी आलेला पशुवैद्य गावातील बैल, गाय आणि शेळी ह्यांनाही हात लावतो. शेळी हीच ज्या कुटुंबाची ठेव आहे, त्या कुटुंबाला ह्याचे मोल सांगावे लागत नाही. कमलापूर येथे काही लहान पिले दगावली, तेव्हा कायम पशुवैद्य हवा अशी मागणी झाली, ती ह्याच जाणिवेतून.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. कमलापूर, पातानील आणि ताडोबा येथील हत्ती गुजरातमधील जामनगर येथे एका खासगी संस्थेच्या हत्ती-निवाऱ्यात पाठवावे, असे २०२२ मध्ये ठरले. तेथे मोठे रुग्णालय आहे, वैद्य आहेत, साधने आहेत, ही बाजू मांडली गेली. दुसरीकडे, हे हत्ती आमचे आहेत, येथील झाडपाला आणि येथील पाणी त्यांच्या अंगवळणी पडले आहे, असे म्हणून गडचिरोलीच्या लोकांनी विरोध केला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ताडोबा आणि पातानील येथील हत्ती त्या वर्षी गेले. कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले. पुढे २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी येथील महादेवी ह्या हत्तिणीच्या बाबतीतही असाच वाद झाला. तिच्या पायांचे व सांध्यांचे दुखणे पाहून न्यायालयाने तिला जामनगर येथे पाठवण्याचा आदेश दिला आणि तिला निरोप देताना सारे गाव रडले.

ह्या दोन उदाहरणांतून एक विवेक शिकता येतो. शर्यतीच्या कुत्र्याला घरच नव्हते. म्हणून त्याला घर मिळवून देणे हे पुण्याचे काम ठरते. कमलापूरच्या हत्तीची गोष्ट वेगळी आहे. त्याला अरण्य आहे, आपल्या जातीची सोबत आहे आणि लहानपणापासून ओळखीचा असलेला महावताचा आवाज आहे. सायंकाळी ज्या रानात तो चरावयास जातो, त्या रानाच्या वाटा त्याच्या स्मरणात आहेत. अशा प्राण्याला शेकडो कोस दूर नेणे म्हणजे घर देणे नव्हे. कदाचित ते घर काढून घेणे होय. म्हणून जेथे घर आहे तेथे उपचार पोहोचवणे, हा मार्ग अधिक श्रेयस्कर होय.

परंतु ‘हा हत्ती आमचा’ असे म्हणणाऱ्यांनी त्या शब्दाचे ओझेही उचलले पाहिजे. आपल्या प्राण्यावर प्रेम असणे पुरेसे नाही. नांदणीच्या लोकांचे प्रेम खोटे नव्हते, तरीही हत्तिणीचे पाय दुखतच होते. म्हातारा हत्ती सांभाळणे सोपे नसते. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा संच झिजला की त्याला फांद्या आणि साली चावता येत नाहीत. मग पोटभर चारा समोर असूनही तो उपाशी राहतो. त्याला मऊ अन्न शिजवून घालावे लागते, नखे कापावी लागतात, तळवे रोज पाहावे लागतात. हे सर्व करणारा महावत स्वतः अर्धपोटी असेल, तर हत्तीचे पोट कसे भरणार? हत्तीची निवृत्ती नीट व्हावयाची, तर महावत आणि चाराकटर ह्यांची चाकरी पक्की असावी, वैद्य जवळ असावा आणि चरावयास रान शिल्लक असावे. ह्यांतील एक जरी उणे पडले, तरी अभिमानाच्या घोषणा व्यर्थ होत.

म्हणून एक नियम सर्वांनीच मनाशी ठरवावा. प्राण्याला कामास जुंपण्यापूर्वी, त्याचे काम सुटेल त्या दिवसाची तरतूद आधी करावी. बैल विकत घेणारा शेतकरी असो, घोडा पाळणारा धनिक असो, पोलिसांचे श्वानपथक असो अथवा वनखाते असो, सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे. ज्याला प्राण्याचे म्हातारपण परवडत नाही, त्याने त्याचे तारुण्य वापरू नये.

ही शिकवण पुस्तकातून आलेली नाही. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाच्या खांद्यावरून फिरणाऱ्या हातात ती आहे. पौषातल्या थंडीत, कढत्या लेपाचा वास दरवळत असताना, आपला भला थोरला पाय विश्वासाने महावतापुढे ठेवून शांत उभ्या राहणाऱ्या हत्तीच्या डोळ्यांतही ती आहे. तो हत्ती आता ओंडके ओढीत नाही, पण त्याच्या पायाला औषध लागते आहे. जोवर हे औषध दर जानेवारीत न चुकता लागत राहील, तोवर त्या अरण्यातील माणसाने आपले देणे फेडले, असे म्हणता येईल.