पोत्यावरचे ठोसे आणि छातीतला दम



या वेळी आम्हांस प्रथम एक कबुली द्यावयाची आहे. दोन महिन्यांपूर्वी रेणापुरातील आमच्या वस्तीतल्या एका मुलीने आम्हांला एक साधा प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्याचे चुकीचे उत्तर दिले होते. त्या उत्तरामुळे तिचा एक महिना वाया गेला. अगदी पूर्ण वाया गेला असेही नाही, पण ते पुढे येईलच.

मुलगी बारावी झालेली. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई रोजाने खुरपायला जाते. पोरीच्या मनात पोलीस भरती. महाराष्ट्रात शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर पळावे लागते व त्याला २० गुण असतात. उरलेले १५ गुण १०० मीटर धावण्याला आणि १५ गोळाफेकीला. म्हणजे पळणे आले नाही तर पुढचे सारे अवघड. तिचा भाऊही तयारी करतो. तो पहाटे पाचला उठून फाट्याकडे पळायला जातो. ती जाऊ शकत नाही. अंधार असतो, उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, आणि रस्त्याकडेला बसलेली टोळकी काय बोलतात हे आमच्या माता-भगिनींना सांगण्याची गरज नाही. भावाला रस्ता आहे, बहिणीला अंगण आहे. त्या अंगणातल्या लिंबाच्या फांदीला तिने सोयाबीनचा एक बारदाना चिंध्या भरून टांगला व ती त्याला ठोसे मारू लागली.

एका संध्याकाळी आम्ही कचेरीतून परतत असताना तिने आम्हांला थांबवून विचारले, “काका, ह्यानं पळायची भरपाई होती का? मोबाईलात त्याला कार्डिओ म्हणतेत.”

आम्ही पिशवी खाली न ठेवताच म्हणालो, “होतीच की! घाम येतोय ना? मग झालं.”

आमच्यासारख्या चार बुके शिकलेल्या माणसाला वस्तीत विचारतात, आणि विचारले की काहीतरी उत्तर दिलेच पाहिजे असे आम्हांला वाटते. ही आमची जुनी खोड आहे. त्या लेकराने आमचा शब्द प्रमाण मानला. शाळेच्या मैदानावर अधूनमधून जे पळत होती तेही सोडले आणि महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ पोते बडवले. महिन्यानंतर भावाने घड्याळ लावून तिला मैदानावर पळवले. २०० मीटरची आखणी, चार फेऱ्या. दोन फेऱ्या चांगल्या गेल्या. तिसऱ्या फेरीत पोटऱ्या भरून आल्या आणि चौथी फेरी तिने जवळजवळ चालतच पूर्ण केली. वेळ पूर्वीपेक्षा जास्त लागली. ती रडली नाही. आमच्याकडे येऊन एवढेच म्हणाली, “काका, दम शिल्लक होता, पाय संपले.”

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. मग जे आम्ही आधीच करायला हवे होते ते केले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना गाठले, एका क्रीडाशिक्षकांना विचारले, मिळाले ते वाचले, आणि शेवटी स्वतः त्या पोत्यासमोर उभे राहिलो.

आता कार्डिओ म्हणजे काय ते पाहू. शरीराचे मोठमोठे स्नायू बराच वेळ सलग हलत राहिले म्हणजे त्यांना प्राणवायू लागतो. तो पोहोचविण्यासाठी हृदय व फुप्फुसे जास्त काम करतात. रोज असे काम पडले की हृदयाची एका ठोक्यात रक्त ढकलण्याची ताकद वाढते. आपली म्हातारी माणसे ज्याला दमसास म्हणत, तोच हा दमसासाचा व्यायाम. वजन उचलून खाली ठेवले की स्नायू बळकट होतात, पण दमसास त्याने फारसा वाढत नाही. तेव्हा प्रश्न पोत्याचा नसून पोत्यासमोरचा माणूस किती वेळ, किती वेगाने आणि कशाकशाने हलतो, हा आहे.

अमेरिकेतील संशोधकांनी निरनिराळ्या हालचालींना किती शक्ती लागते त्याचा एक तक्ता केलेला आहे. स्वस्थ बसून राहण्याला १ धरले तर बेताच्या चालीने चालण्याला साधारण साडेतीन, संथ पळण्याला ७, आणि दोरीवरच्या उड्यांना जवळजवळ १२ पट शक्ती लागते. २०११ च्या तक्त्यात पंचिंग बॅगला साडेपाच हा आकडा आहे. समोर माणूस घेऊन सराव केला तर पावणेआठ, आणि प्रत्यक्ष रिंगणात लढताना जवळजवळ १३. तीन ते सहापर्यंतचा व्यायाम मध्यम समजतात, सहाच्या वरचा जोराचा. म्हणजे पोते बडवणे हा दमसासाचा व्यायाम आहे, याबद्दल शंका नको. सर्वसाधारण माणूस जसा मारतो त्या हिशेबाने तो भरभर चालण्याच्या वर आणि पळण्याच्या खाली बसतो. वेग वाढवला, पाय हलते ठेवले तर तो पळण्याच्या बरोबरीलाही जातो.

पण पाय हलते ठेवले तरच. इथेच आमचे पहिल्या दिवशी हसे झाले. वय ४६, आठ तास खुर्चीत, पोट पुढे. आम्ही दोन्ही पाय जमिनीत रोवून, दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून धडाधड मारले. चाळीस सेकंदांत हात खांद्यातून गळून पडायची वेळ आली व डोळ्यांपुढे काजवे चमकले. भोवती जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हांला वाटले, केवढा व्यायाम झाला! डॉक्टरांनी मात्र कान उपटले. नुसत्या हातांनी काम केले तर तेवढ्याच प्राणवायूच्या खर्चाला नाडी आणि रक्तदाब पायांच्या कामापेक्षा जास्त चढतात. त्यात श्वास कोंडला की रक्तदाब आणखी उसळतो. छाती धडधडली म्हणजे हृदयाचा व्यायाम झालाच, असे समजू नये. कचेरीत साहेबाने हाक मारली तरी छाती धडधडतेच!

दुसऱ्या खेपेला क्रीडाशिक्षकांनी उभे कसे राहायचे ते दाखविले. डावा पाय पुढे, उजवा मागे, टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. ठोसा खांद्यातून न मारता कंबर वळवून मारायचा. मारताना तोंडाने ‘फूः’ करून श्वास सोडायचा. दोन-तीन ठोसे झाले की पोत्याभोवती एक-दोन पावले सरकायचे, पुन्हा मारायचे. निम्म्या जोराने मारायचे, पण थांबायचे नाही. असे दोन मिनिटे केले आणि लगेच मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजली. ३१ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १२४. ढोबळ हिशेब असा की २२० मधून वय वजा करावे. आमचे आले १७४. त्याच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८७ ते १२२ पर्यंत, व्यायाम मध्यम आणि त्याच्या वर जोराचा. नाडी मोजता येत नसेल तर याहून सोपी कसोटी आहे. व्यायाम करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा तो मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की जोराचा.

आता आम्ही बी.कॉम.चे, जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे. तीन मिनिटांचे सहा डाव, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, असे केले तर प्रत्यक्ष मारण्याची मिनिटे १८ झाली. आठवड्यातून चार दिवस केले की ७२. जोराने केले तर जवळजवळ भरपाई झाली, सावकाश केले तर निम्मी झाली व उरलेली चालून भरून काढावी. विश्रांतीची मिनिटे जमेला धरू नयेत. मोबाईल बघत पोत्याला टेकून उभे राहण्याची तर नाहीच नाही! आणि जे बंधू दिवसभर अडतीत पोती वाहतात, ज्या भगिनी दिवसभर खुरपतात, त्यांचे कष्टही हालचालीतच मोजले जातात. त्यांनी संध्याकाळी पोते बडवले नाही म्हणून स्वतःला आळशी समजू नये. हा हिशेब आमच्यासारख्या खुर्चीतल्यांसाठी, शिलाई मशीनवर बसणाऱ्यांसाठी, गाडी चालविणाऱ्यांसाठी व अभ्यासाला बसलेल्या पोरा-पोरींसाठी आहे.

मग त्या मुलीचे पाय का संपले? डॉक्टरांनी असे समजाविले की हृदय सगळ्या शरीराला एकच असले तरी स्नायू ज्याचे त्याचे वेगळे असतात. पोत्याने तिच्या हृदयाला शिकविले, म्हणूनच दम शिल्लक राहिला. पण पोटऱ्यांना आणि मांड्यांना ८०० मीटर पळण्याची सवय पळण्यानेच लागते, ती ठोशांनी कशी लागणार? याचा पुरावा बॉक्सरच देतात. बॅगेवरच सगळे भागत असते तर ते पहाटे उठून मैलोगणती पळाले नसते आणि दोरीवर उड्या मारल्या नसत्या. तेव्हा आमच्या पहिल्या उत्तराची दुरुस्ती अशी: आरोग्यासाठी विचाराल तर ठोशांचा व्यायाम पळण्याच्या जागी चालेल, पण पळण्याच्या परीक्षेसाठी चालणार नाही.

हे सांगायला आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा आई चुलीपुढे होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, बरं झालं तुम्ही आलाव. पोरीच्या जातीला हे ठोसे कशाला? उद्या हात वाकडा झाला तर करून कोण घेईल?”

आम्ही त्यांना निखत झरीनची गोष्ट सांगितली. आपल्या नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेलंगणातले निजामाबाद लागते. ही मुलगी तिथली. आधी धावपटू होती. बॉक्सिंग मुलेच करतात असे पाहून ती त्यात उतरली व मुलांबरोबर सराव करू लागली. २०२२ साली इस्तंबूलला आणि २०२३ साली दिल्लीला ती जगज्जेती झाली. २०२४ साली तेलंगणा सरकारने तिला पोलीस उपअधीक्षक केले. आपल्या राज्यातही नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ साली युवा गटात जागतिक विजेत्या झाल्या. आईने सगळे ऐकून घेतले व विचारले, “डीवायएसपी झाली?” बाकी पदकांचे त्यांना फारसे काही वाटले नाही.

हात वाकडा होण्याची त्यांची भीती मात्र खोटी नव्हती. तिने पोत्याच्या तळाशी वाळू भरली होती. वाळू दबून दगडासारखी होते आणि मनगट लचकते. मूठ चुकीची पडली तर करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडते. आम्ही वाळू काढून टाकून जुनी लुगडी, चिंध्या आणि लाकडाचा भुसा दाबून भरला. पोते आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असले म्हणजे पुरे. अंगठा मुठीच्या आत नको, बाहेर हवा. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरावर बसला पाहिजे. हातमोजे महाग वाटत असतील तर निदान मनगटापासून पेरांपर्यंत सुती पट्टी घट्ट गुंडाळावी व हळू मारावे. पत्र्याच्या घराच्या आड्याला पोते अजिबात टांगू नये, आडे खाली येईल. आणि ज्यांना रक्तदाब, साखर किंवा छातीचे दुखणे आहे किंवा ज्यांनी चाळिशीनंतर कधी तपासलेच नाही, त्यांनी आधी सरकारी आरोग्य केंद्रात दाखवून यावे. व्यायाम करताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. आमचा रक्तदाब या निमित्ताने पहिल्यांदा मोजला गेला. तो १५० वर ९४ निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली व पहिला महिना फक्त चालायला सांगितले, म्हणून सध्या आम्ही पोत्याजवळ फक्त घड्याळ धरून उभे असतो.

मुलीचा नवा बेत असा ठरला: आठवड्यातून तीन दिवस मैदानावर पळणे, तीन दिवस पोते, एक दिवस विश्रांती. पळायला उजाडल्यावर जायचे. मैदानाच्या कट्ट्यावर आळीपाळीने कोणीतरी बसायचे. वस्तीतल्या आणखी दोन मुली तयार झाल्या, त्यांच्या आयाही तयार झाल्या. पंधरा दिवसांत चौथी फेरी ती चालत नाही, पळत पूर्ण करते. वेळ अजून कमी व्हायला हवी. भरतीचे काय होईल ते होईल.

परवा संध्याकाळी आम्ही घड्याळ धरून उभे होतो. मुलीचे सहा डाव संपले. आई शेतातून येऊन पायरीवर बसली होती. रक्तदाब आणि साखर मागच्याच महिन्यात केंद्रात तपासलेली, दोन्ही ठीक. पदर खोचून त्या उठल्या व म्हणाल्या, “भाऊ, लावा घड्याळ. बघू द्या मलाबी.” लेकीने हाताला पट्टी बांधून दिली. पहिले दोन-चार ठोसे हसत मारले, मग हसणे थांबले. एक मिनिट वीस सेकंदांनी त्या थांबल्या, पोत्याला धरून उभ्या राहिल्या, आणि लेकीला म्हणाल्या, “उद्या मला तुझ्यासंगं उठव.”