शिक्षण मोफत, अडसर इंग्रजीचा

आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये 'एनपीटेल' हा उपक्रम सुरू केला आणि नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांसाठी मोफत खुली झाली. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे संकेतस्थळ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात. त्यामुळे ही केवळ हौस राहिलेली नाही. पदवीचे श्रेयांक त्यावर अवलंबून असू शकतात.

पेच आहे तो भाषेचा. बहुतांश व्याख्याने इंग्रजीत आहेत. काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरे झाली, हे खरे. पण स्वाध्याय आणि परीक्षा इंग्रजीत असतील, तर मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग अर्धाच. व्याख्यान मोफत असले, तरी प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. त्यात नापास होण्याचे कारण विषय की भाषा, हे गुणपत्रिका सांगत नाही.

मराठीत शास्त्रीय परिभाषा नाही, ही सबब येथे टिकणारी नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्येच प्रसिद्ध झाला. आज तो कोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो. मात्र त्याच्या वाचनाला श्रेयांक नाहीत.