पॅनेल त्यांचं, उमेदवार त्यांचा, मत मात्र आपलं!



आमच्या उचगावात काय किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात काय, 'पॅनेल' हा शब्द पोराटोरांनाही माहीत आहे. ग्रामपंचायत असो, विकास सोसायटी असो की साखर कारखाना, गटाचा नेता पॅनेल लावतो. पॅनेलमध्ये राखीव जागा आली की एक ठरलेली चर्चा होते. वस्तीतला कोण घ्यायचा? शिकलेला नको, तो प्रश्न विचारतो. चळवळीतला नको, तो मोर्चा काढतो. शब्दाबाहेर जाणार नाही असा बघा. मग एक नाव निघतं. वस्तीला ते नाव दुसऱ्या दिवशी कळतं, आणि आपण त्याच्यासाठी घरोघरी चिठ्ठ्या वाटत फिरतो.

गावात जे नेत्याच्या बैठकीत घडतं, तेच विधानसभेला मुंबईत आणि लोकसभेला दिल्लीत घडतं. म्हणून स्पष्टच सांगतो. राखीव मतदारसंघाचा खरा निकाल मतदानाच्या दिवशी लागत नाही. तो तिकीटवाटपाच्या रात्री लागतो, आणि त्या रात्री आपण दाराबाहेर उभे असतो.

कायदा काय म्हणतो ते बघा. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार पक्षाचा उमेदवार ठरतो तो 'ए' आणि 'बी' फॉर्मवर. पक्षाच्या वतीने सही कोण करणार हे 'ए' फॉर्म सांगतो. उमेदवार कोण हे 'बी' फॉर्म सांगतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे कागद पोहोचले की काम झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ पक्षाकडून संविधानावरच्या निष्ठेची हमी घेतं, पण उमेदवार कसा निवडला हे विचारत नाही. पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करा, असं विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात सांगितलं होतं. पक्षांनी ते कपाटात ठेवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला : गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, याची कारणं पक्षाने ४८ तासांत जाहीर करावीत. म्हणजे गुन्हे असलेल्याला का घेतलं, हे निदान कागदावर तरी सांगावं लागतं. चळवळीत वीस वर्षं घालवलेल्याला का डावललं, हे कुणालाच सांगावं लागत नाही.

आता तरुण मित्रांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. उमेदवार कुणी निवडायचा, याचा अधिकार या देशात एकदा आपल्या हातात होता. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीतून ठरतो, हे आपण बातम्यांत वाचतो. पण २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातही प्राथमिक निवडणूक होती. स्वतंत्र मतदारसंघ गांधींच्या उपोषणापुढे सोडावे लागले. त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, त्यांपैकी मुंबई प्रांताला १५. त्या जागांसाठी दोन टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी मत देऊन चार जणांचं पॅनेल निवडायचं. दुसऱ्या टप्प्यात त्या चौघांतला एक सर्व मतदारांनी मिळून निवडायचा. ही सोय दहा वर्षांपुरती होती. १९३७ आणि १९४५-४६ च्या निवडणुका याच पद्धतीने झाल्या.

या पद्धतीतली मेख बाबासाहेबांनी पुढे दाखवून दिली. चौघांत आपला एक माणूस घुसवला की काँग्रेसचं काम भागत होतं. आपल्या मतदारांनी ज्याला पहिला क्रमांक दिला तो अंतिम फेरीत सवर्ण मतांनी पडायचा, आणि ज्याला आपण चौथा ठेवला तो आमदार व्हायचा. १९४६ साली कॅबिनेट मिशनपुढे बाबासाहेबांनी हीच तक्रार मांडली : प्राथमिक फेरीत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन पुढे, अंतिम फेरीत मागे. त्याच वर्षी घटना समितीवर जाण्यासाठी त्यांना मुंबई नव्हे, बंगाल गाठावा लागला. जोगेंद्रनाथ मंडल पाठीशी उभे राहिले म्हणून ते शक्य झालं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले, ते उगाच नव्हे.

संविधानात राखीव जागा आल्या, स्वतंत्र मतदारसंघ आले नाहीत. आणि ती अपुरी प्राथमिक फेरीसुद्धा गेली. पुढे काय झालं ते आपल्याला पाठ आहे. १९५२ ला उत्तर मुंबईत संविधानाचे शिल्पकार पडले, काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तेच. कांशीराम साहेबांनी 'द चमचा एज' प्रसिद्ध केलं तेही पुणे कराराच्या पन्नासाव्या वर्षदिनी, २४ सप्टेंबर १९८२ ला. चमचा स्वतःहून चालत नाही, त्याला हात लागतो. तो हात म्हणजे तिकीट.

कुणी म्हणेल, काँग्रेसने २०१४ ला प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला होता की! केला होता. देशातल्या पंधरा-सोळा लोकसभा मतदारसंघांत तो झाला, आणि त्यात आपल्या राज्यातला लातूर हा राखीव मतदारसंघ होता. पण मतदार कोण होते? पक्षाचे पदाधिकारी आणि प्रतिनिधी. लातूरच्या वस्त्यांतल्या माणसाला त्यात मत नव्हतं. १९३२ ला निदान पहिली फेरी आपली होती. २०१४ ला तीही पक्षाची झाली.

इथे एक सापळा ओळखा. राखीव जागेवर बौद्ध दिला की मातंग दिला, की चर्मकार दिला, यावर आपल्यात भांडणं लावली जातात आणि तिकीट देणारा बाजूला बसून हसतो. माझा आक्षेप उमेदवाराच्या जातीवर नाही. तो कुणाला उत्तर देतो, यावर आहे. ज्याने फॉर्मवर सही केली त्याला, की ज्याच्या नावावर जागा राखीव झाली त्या समाजाला?

'मग राखीव जागाच रद्द करा' असं आपलेच काही मित्र म्हणतात. २०३० पर्यंत मुदत आहे, पुढे नकोच, म्हणतात. त्यांचा संताप मी समजू शकतो, पण उपाय पटत नाही. विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना आणि २५ अनुसूचित जमातींना आहेत. त्या २९ गेल्या तर खुल्या जागांवर आपल्याला तिकीट कोण देणार? ज्यांनी आजवर दिलं नाही तेच? घराचं कुलूप चोराच्या हातात असेल तर कुलूप ताब्यात घ्यायचं असतं, घर पाडायचं नसतं.

आणि दुसऱ्यांवर बोट दाखवण्याआधी आपल्या पक्षांकडे बघा. १९५७ पासून रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले आणि त्यातले किती तिकिटांवरून झाले? आपल्या नावाने चालणाऱ्या पक्षांतही यादी वरूनच येते. पक्षनिधी कोण देईल, साहेबांच्या जवळ कोण आहे, यावर नाव ठरतं. कार्यकर्त्याने विचारलं तर त्याला गद्दार ठरवलं जातं. मनुवाद्यांचं बंद दार वाईट आणि आपलं बंद दार चांगलं, असं होत नाही.

मग करायचं काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहा विधानसभा जागांपैकी एकच, हातकणंगले, अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सुरुवात तिथूनच करू. त्याच तालुक्यातल्या माणगावात १९२० साली शाहू महाराजांनी परिषदेला सांगितलं होतं की, तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढला आहे. पुढारी समाजाने शोधायचा असतो, हा त्याचा अर्थ.

पहिलं, अर्ज भरण्याच्या दोन महिने आधी वस्त्यावस्त्यांत खुल्या सभा घ्यायच्या. सगळ्या पक्षांच्या इच्छुकांना बोलवायचं. येणार नाही त्याची रिकामी खुर्ची ठेवायची.

दुसरं, भाषण नको, हिशेब मागायचा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी, आणि आमदार-खासदार तिचे सदस्य असतात. विद्यमान आमदार किती बैठकांना हजर होता? माहिती अधिकारात इतिवृत्त मिळतं. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवला तेव्हा तो सभागृहात बोलला का? शिष्यवृत्ती रखडली तेव्हा?

तिसरं, १९३२ चा धडा विसरायचा नाही. चार नावांचं पॅनेल द्यायचं नाही. चौघांत एक त्यांचा घुसतोच. एकच नाव, उघड मतदानाने.

चौथं, ही अट आधी आपल्या पक्षांना लावायची.

'आपण राज्यात बारा टक्केही नाही, आपल्या नावाला विचारतो कोण?' हा प्रश्न येणारच. आपल्या एकट्याच्या मतांनी आमदार होत नाही, हे खरंच आहे. पण अटीतटीच्या लढतीत आपल्या मतांवाचून कुणाचंही गणित जुळत नाही, हेही खरं आहे. आज ते मत उमेदवारी जाहीर झाल्यावर मागितलं जातं, तेव्हा त्याची किंमत शून्य असते. 'बी' फॉर्मवर सही होण्याआधी तेच मत अट घालू शकतं.

बाबासाहेबांनी आपल्याला मताचा अधिकार दिला. उमेदवार ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी देणार नाही, तो घ्यावा लागेल. पुढच्या वेळी वस्तीत कुणी हात जोडत आला तर त्याला पाणी द्या, बसवा, आणि एवढंच विचारा : तुला कुणी निवडलं?

जय भीम! जय संविधान!