लाठी मुलाच्या मापाचीच हवी

उन्हाळी शिबिरात लाठीकाठी शिकणाऱ्या मुलाला पालक बहुधा 'वाढत्या अंगाची' लाठी घेऊन देतात. कपड्यांना हे चालते. इथे ते मनगट आणि खांद्यावर येते. त्याच जाडीची लाठी ४ फुटांऐवजी ५ फुटांची घेतली, तर वजन सव्वापटच वाढते; पण मधोमध धरून गरगर फिरवताना तिचे जडत्व जवळपास दुप्पट होते. बांबू भरीव असावा, कोकणातल्या माणग्यासारखा. पोकळ बांबू आपटून उभा चिरला, की कूस हातात घुसते, डोळ्यालाही धोका. चकचकीत वार्निश तर नकोच. त्याखाली चीर लपते आणि घामेजल्या हातातून लाठी सटकते. खरेदीला मुलाला सोबत न्यावे, मोकळ्या जागी चार हात फिरवू द्यावेत. मनगट लटपटले, तर आखूड लाठी घ्यावी. पुढच्या वर्षी दुसरी घेता येते.