धरण भरले, घागर भरली काय?

बारवी धरण भरून वाहू लागले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील नागरिक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ते स्वाभाविकच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली पुऱ्या केलेल्या या धरणावर ठाणे जिल्ह्यातील कारखाने तर अवलंबून आहेतच, पण लाखो घरांची पिंपेही त्याच्याच पाण्याने भरतात. पुढे धरणाची उंची वाढविण्यात आली. परंतु मुरबाड तालुक्यातील ज्या कुटुंबांची घरे-शेते पाण्याखाली जावयाची, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न रेंगाळला, आणि म्हणून वाढीव पाणी लगेच साठविता आले नाही. अखेर २०१९ च्या पावसाळ्यात धरण नव्या उंचीपर्यंत भरले आणि साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरांवर गेला. तथापि वाहिनीच्या अगदी टोकाला राहणाऱ्या गृहिणीस विचारावे. धरण भरल्याची बातमी तिने वाचलेली असते. नळाची धार मात्र करंगळीएवढीच असते. धरण भरणे ही एक गोष्ट आणि घागर भरणे ही दुसरी.

आज या धरणाची आठवण आम्हास होते ती पाण्यासाठी नव्हे, विद्येसाठी. विद्यापीठाच्या सर्व परिसरांत बिनतारी इंटरनेट असावे, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. ज्याला सर्वजण वाय-फाय म्हणतात ती ही सोय कोणत्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आता मानाने मिरविली जाते. प्रश्न ती जाहीर करण्याचा नाही. ती शेवटच्या बाकापर्यंत पोचते की नाही, हा आहे.

मुंबई विद्यापीठाचा विस्तार डोळ्यांपुढे आणावा. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आज फोर्ट आणि कलिना येथेच सामावलेले नाही. ठाणे, कल्याण, रत्नागिरी आणि सावंतवाडी येथे त्याचे उपपरिसर आहेत, आणि मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात १९६५ मध्ये महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्या दाराशी आली असे तेथील लोकांना वाटले असेल. आज दाराशी आलेल्या त्या विद्येचे निम्मे भांडार संगणकाच्या पडद्यामागे आहे, आणि त्याची किल्ली म्हणजे हे जाळे होय.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर हा प्रश्न ऐच्छिक ठेवलेलाच नाही. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते पदवीच्या पहिल्या वर्षापासून लागू झाले. ‘स्वयम्’सारख्या मंचावरील अभ्यासक्रमांतून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्येच दिली आहे. मुभा दिली, पण वाट दिली नाही, तर ती मुभा सुखवस्तू घरांपुरतीच उरते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घरबसल्या झाल्या, आणि १२ तारखेस महानगरातील वीजपुरवठा कोलमडताच त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच वर्षी सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीला मोबाईलची लहर मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास करावा लागला. तिच्या जिद्दीचे कौतुक सर्वांनी केले. तिला डोंगर चढावयास लावणाऱ्या व्यवस्थेचा विचार मात्र त्या मानाने थोड्यांनी केला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आहे. प्रत्येकाच्या खिशात ते असताना विद्यापीठाने या भानगडीत का पडावे? आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक आहे. पण खिशातील यंत्रावर दोन घटका करमणूक होते. तीनशे पानांचा प्रबंध, प्रयोगाची चित्रफीत वा भूमितीचे आकृतिपट त्यावर नीट अभ्यासता येत नाहीत. शिवाय ज्या घरात एकच यंत्र तीन भावंडांत फिरते, तेथे ‘प्रत्येकाच्या खिशात’ हा शब्दप्रयोगच खोटा ठरतो. ग्रंथालय आहे म्हणून कोणी विद्यार्थ्यास पुस्तके विकत घेण्यास मनाई करीत नाही. तसेच तो पुस्तके विकत घेऊ शकतो म्हणून कोणी ग्रंथालयास टाळेही ठोकीत नाही.

बिनतारी म्हटले म्हणजे तारेची गरजच नाही, असा एक गोड गैरसमज आहे. वस्तुतः भिंतीवर दिसणारी ती पांढरी पेटी म्हणजे नुसता नळ होय. तिच्यामागे केबल हवी, केबलच्या मागे परिसरापर्यंत आलेली जाड वाहिनी हवी, आणि वीज गेल्यावरही ती पेटी जिवंत ठेवणारी सोय हवी. एका पेटीची क्षमता तिच्या कक्षेत आलेल्या सर्वांत वाटली जाते. म्हणून रिकाम्या वर्गात जी वेगाने धावते, तीच साठ विद्यार्थी एकदम आले की धापा टाकते. सिमेंटची जाड भिंत तिच्या लहरी अडविते. फोर्टमधील इमारती तर २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तेथील दगडी भिंतींना हवी तेथे भोके पाडता येणार नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण खरीच. पण आड भरलेला असून दोर अपुरा असला तरी पोहरा रिकामाच वर येतो.

घाईचा दाखला आमच्या वाचकांस शोधावयास नको. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना वाईट नव्हती. परंतु यंत्रणा आधी आली आणि तयारी मागाहून, असा उलटा क्रम लागला. लक्षावधी उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या, आणि शिक्षकांना पुरेसा सराव नव्हता. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, कित्येकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. त्या वर्षाचा धडा यंत्रांविरुद्ध नाही. तो वरातीमागून घोडे नेण्याच्या आमच्या सवयीविरुद्ध आहे.

विखुरलेल्या विद्यापीठाचा प्रश्न अपूर्व आहे, असेही नाही. हवाई विद्यापीठाच्या शाखा समुद्राने वेगळ्या केलेल्या बेटांवर होत्या. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींनी त्या बेटांना मुख्य संगणकाशी जोडण्याची ‘अलोहानेट’ ही योजना प्रत्यक्षात आणली. आजच्या बिनतारी जाळ्यांच्या पूर्वजांत तिची गणना होते. दूरच्या बेटावरील विद्यार्थ्याची अडचण सोडविण्याच्या खटपटीतून हे तंत्र पुढे आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यानंतर २००२ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये ‘एज्युरोम’ची कल्पना निघाली. आपल्या संस्थेने दिलेली ओळख वापरून दुसऱ्या कोणत्याही सहभागी संस्थेत जाळ्यावर येता यावे, एवढीच ती साधी कल्पना. आज ती शंभराहून अधिक देशांत रूढ आहे, आणि भारतात ‘अर्नेट’ ही संस्था ती चालविते. मग बदलापूरचा विद्यार्थी कल्याणच्या उपपरिसरात गेला वा कलिन्याच्या ग्रंथालयात बसला, तर त्याने परका का ठरावे?

आमच्या मते या कामी चार गोष्टी अवश्य व्हावयास हव्यात. पहिली, जाळ्याची आखणी कलिन्याकडून बाहेर न करता सावंतवाडी, रत्नागिरी आणि कल्याण या टोकांकडून आत करावी, आणि वेगाची मोजणीही तेथेच, भर दुपारी, वर्ग भरलेले असताना करावी. दुसरी, विद्यार्थ्याची ओळख एकच असावी आणि ती सर्व परिसरांत, शक्य तेथे संलग्न महाविद्यालयांतही चालावी. तिसरी, कोठे किती वेग मिळाला आणि किती तास जाळे बंद होते, याचे कोष्टक दरमहा प्रसिद्ध व्हावे. धरणातील साठा रोज छापता येतो, तर हे का नाही? चौथी, पेट्या विकत घेण्यास जितका पैसा काढला जाईल, तितकीच तरतूद त्या चालू ठेवणाऱ्या माणसांसाठी वर्षानुवर्षे करावी. उद्घाटनाच्या फितीस कधी पैसा कमी पडत नाही. तुटलेल्या केबलीस मात्र हटकून पडतो.

बारवीच्या पाण्यासाठी ज्यांनी आपली गावे सोडली, ते आमच्या नळावर हक्क सांगावयास येत नाहीत. पण त्यांची मुले-नातवंडे आता मुरबाडच्या, बदलापूरच्या, उल्हासनगरच्या महाविद्यालयांत शिकावयास येतात, आणि तेथे तरी त्यांना वाहिनीच्या टोकास उभे करू नये, एवढे मागण्याचा त्यांना पुरा अधिकार आहे. विद्येचे धरण कितीही उंच बांधा. त्याचा हिशेब अखेर शेवटच्या घागरीवरच होणार आहे.